ओपन रिले आणि भरकटलेले बाउन्स : पोस्टफिक्स सर्व्हरचा पक्का बंदोबस्त

स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांच्या मागे दोन दुखणी लागतात. पहिलं म्हणजे कुणी तिऱ्हाईत आपल्या सर्व्हरमधून भलत्याच माणसाला मेल धाडतो. दुसरं म्हणजे ज्यांनी आपल्याला कधी काही पाठवलंच नाही, अशा लोकांना आपला सर्व्हर ‘तुमचा मेल पोचला नाही’ असं कळवत सुटतो. पहिल्याला ओपन रिले म्हणतात, दुसऱ्याला बॅकस्कॅटर. दोन्हींचं मूळ एकच आहे. जो मेल घ्यायलाच नको होता, त्याला सर्व्हरने २५० (म्हणजे ‘घेतला’ हे सांगणारा आकडा) म्हटलेलं असतं.

एसएमटीपीत, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या पद्धतीत, मजकूर संपल्यावर दिलेलं २५० ही जबाबदारीची पावती असते. ते दिलं की मेल पोचवायचा, नाही जमलं तर पाठवणाऱ्याला कळवायचं, आणि दोन्ही कामं तुमची. आरएफसी ५३२१ या मेलच्या नियमांच्या दस्तऐवजात हे स्वच्छ लिहिलंय. याउलट, कनेक्शन चालू असतानाच नकार दिला तर ओझं समोरच्या सर्व्हरकडेच राहतं. समोर खरा सर्व्हर असेल तर तो आपल्या माणसाला कळवेल. स्पॅम पाठवणारा प्रोग्रॅम असेल तर तो नकार गिळून पुढच्या पत्त्याकडे वळेल. बाउन्स, म्हणजे मेल न पोचल्याची सूचना, कुठेच तयार होत नाही. त्यामुळे खालच्या सगळ्या खटपटीचा रोख एवढाच की नाही म्हणायचं असेल तर ते दारातच म्हणावं.

एकेकाळी कुणाचाही मेल पुढे ढकलणं हा शेजारधर्म समजला जायचा. स्पॅमने ते दिवस संपवले. सेंडमेल या जुन्या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरने १९९८ साली ८.९ आवृत्तीत रिले मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, आणि १९९९ च्या आरएफसी २५०५ ने तीच शिफारस सगळ्यांसाठी केली. आज कुठलाही मेल सर्व्हर नव्याने टाकला तर तो बंदच असतो. उघडतो तो आपण, नंतरच्या ‘तात्पुरत्या’ बदलांनी.

पुढची उदाहरणं पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरची आहेत. सेटिंगांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि याच अंडरस्कोरसकट लिहायची.

आधी बाहेरून ठोकून बघा

तपासणी सर्व्हरवरूनच किंवा ऑफिसच्या नेटवर्कमधून केली तर ती फुकट जाते, कारण तिथला पत्ता बहुधा विश्वासातल्या यादीत असतो. बाहेरची एखादी मशीन घ्या. घरगुती इंटरनेटवरून बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट अनेक ठिकाणी बंद असतो, म्हणून भाड्याचा छोटा क्लाउड सर्व्हर बरा, अर्थात तिथेही तो पोर्ट उघडा असल्याची खात्री करून. टेलनेटने आपल्या सर्व्हरच्या २५ व्या पोर्टला जोडा, ईएचएलओ (एसएमटीपीतला नमस्कार) म्हणा आणि मग हे टाइप करा (आकड्याने सुरू होणाऱ्या ओळी ही सर्व्हरची उत्तरं):

मेल फ्रॉम:<कुणीतरी@एग्झाम्पल.नेट>
२५० २.१.० ओके
आरसीपीटी टू:<तिसराच@एग्झाम्पल.ऑर्ग>
५५४ ५.७.१ रिले अ‍ॅक्सेस डिनाइड

‘तिसराच’च्या जागी दुसऱ्या एखाद्या सेवेवरचा तुमचा स्वतःचा पत्ता घाला, म्हणजे भोक असलंच तर मेल तुमच्याच हातात पडेल. ५५४ आला तर ठीक. ४५४ ४.७.१ आला तर रिले बंदच आहे, फक्त नकार तात्पुरत्या स्वरूपाचा आहे. पण २५० आला म्हणून लगेच बोंब मारू नका. काही सर्व्हर इथे होकार देऊन मजकूर संपल्यावर नकार देतात, म्हणून पूर्ण मेल पाठवून तो खरंच पोचतो का ते बघा आणि लॉग वाचा.

एवढ्यावर थांबू नका. हीच तपासणी आणखी तीन प्रकारे करा. पाठवणारा म्हणून तुमच्याच डोमेनचा पत्ता द्या, समजा ते डोमेन एग्झाम्पल.कॉम असेल तर चौकशी@एग्झाम्पल.कॉम. ‘आपला माणूस दिसतोय, सोडा’ अशी चुकीची सूट कुठे दिली असेल तर ती इथे उघडी पडते. दुसरा प्रकार जुन्या टक्केवाल्या पत्त्यांचा, म्हणजे तिसराच%एग्झाम्पल.ऑर्ग@एग्झाम्पल.कॉम. तिसरा प्रकार म्हणजे सर्व्हरच्या आयपीव्ही६ पत्त्यावर सगळं पुन्हा एकदा. फायरवॉल आणि याद्या आयपीव्ही४ साठी नेटक्या करून आयपीव्ही६ विसरणारे पुष्कळ भेटतात. हाताने टाइप करायचा कंटाळा असेल तर स्वाक्स नावाचं छोटं साधन हेच सगळं एका ओळीत करतं.

मेन.सीएफ : तीन ओळी आणि एक सापळा

‘पोस्टकॉन्फ -एन’ ही आज्ञा मेन.सीएफ या पोस्टफिक्सच्या मुख्य सेटिंग फाइलीत जे जे स्पष्ट लिहिलंय तेवढंच दाखवते. सुरुवात तिथून करा. रिलेचा निर्णय या ओळींवर होतो:

एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स =
  परमिट_मायनेटवर्क्स,
  परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड,
  रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन

अर्थ सरळ आहे. विश्वासातलं नेटवर्क असेल तर जाऊ द्या, लॉगिन केलेलं असेल तर जाऊ द्या, बाकीच्यांना फक्त आपल्याच डोमेनसाठी मेल देता येईल. ही स्वतंत्र यादी पोस्टफिक्स २.१० पासून आली. त्याआधी रिले आणि स्पॅम या दोन्हींचे नियम एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स या एकाच यादीत असायचे, आणि कुणी वरच्या बाजूला पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ‘ओके’ देणारी व्हाइटलिस्ट घातली की तोच पत्ता खोटा लिहिणाऱ्या कुणालाही रिले मिळायचा. जुन्या सर्व्हरवरून उचललेली कॉन्फिग असेल तर हे आवर्जून तपासा. पाठवणाऱ्याचा पत्ता आणि हेलोचं, म्हणजे नमस्कारात सांगितलेलं, नाव या दोन्ही गोष्टी समोरचा हवं ते लिहू शकतो, तेव्हा त्यांच्या भरवशावर रिले द्यायचा नाही.

आता सापळा. मायनेटवर्क्समध्ये, म्हणजे विश्वासातल्या पत्त्यांच्या यादीत, १२७.०.०.०/८ आणि आयपीव्ही६ चा लोकलहोस्ट एवढंच असावं, फार तर ठरावीक सर्व्हरांचे एकेक पत्ते. ‘ऑफिसचा प्रिंटर स्कॅन मेल करत नाही’ म्हणून अख्खं नेटवर्क घालायचा मोह आवरा आणि प्रिंटरला लॉगिन द्या. फार जुना असेल तर त्याचा एकच पत्ता घाला. पण खरी गंमत कंटेनरांची आहे. पोस्टफिक्स डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) चालवला आणि येणारी कनेक्शनं डॉकरच्या प्रॉक्सीतून आत आली, तर पोस्टफिक्सला जगातला प्रत्येक ग्राहक १७२.१७.०.१ या आतल्या गेटवे पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. मायनेटवर्क्समध्ये १७२.१७.०.०/१६ असेल तर सर्व्हर सताड उघडा. लोड बॅलन्सर किंवा चुकीच्या एनएटीमागेही (पत्ते बदलून देणारी व्यवस्था) हेच होतं. कॉन्फिग फाइल वाचून हे भोक सापडत नाही, कारण तिच्यात चूक नसतेच. सापडतं ते लॉगमध्ये. ‘कनेक्ट फ्रॉम’च्या ओळींमध्ये बाहेरचे वेगवेगळे पत्ते दिसायला हवेत, सगळीकडे एकच आतला पत्ता दिसला तर आधी सर्व्हर थांबवा, मग विचार करा. एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर वापरत असाल तर मूळ पत्ता पुढे देणारा प्रॉक्सी प्रोटोकॉल दोन्ही बाजूंनी चालू करा. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी एसएमटीपीडी_अपस्ट्रीम_प्रॉक्सी_प्रोटोकॉल आहे. डॉकर असेल तर मेलचा कंटेनर होस्टच्या नेटवर्कवर चालवणं हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग.

रिले_डोमेन्स रिकामं ठेवा, ज्या डोमेनचा मेल तुम्ही खरोखर दुसऱ्या सर्व्हरकडे देता तेवढीच त्यात घाला. आणि एक डोमेन मायडेस्टिनेशन, रिले_डोमेन्स, व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स यांपैकी एकाच ठिकाणी असू द्या.

लॉगिन करणाऱ्यांचं दार वेगळं

बंद रिलेतूनही स्पॅम जातो, चोरलेल्या पासवर्डने. आजकाल सर्व्हर ब्लॅकलिस्टमध्ये जातो तो बहुतेक याच वाटेने. म्हणून २५ वर फक्त बाहेरच्या सर्व्हरांकडून येणारा मेल घ्या आणि तिथे एसएमटीपीडी_एसएएसएल_ऑथ_एनेबल बंद ठेवा. आपल्या माणसांसाठी ५८७ आणि ४६५ हे पोर्ट आहेत. २०१८ च्या आरएफसी ८३१४ ने पहिल्या क्षणापासून टीएलएस (सांकेतिक, सुरक्षित जोडणी) असलेल्या ४६५ ला पसंती दिली आहे. मास्टर.सीएफ या पोस्टफिक्सच्या सेवांच्या फाइलीत या दोन सेवांवरच लॉगिन चालू करायचं आणि तिथली रिले यादी ‘परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट’ एवढीच ठेवायची. एसएमटीपीडी_टीएलएस_ऑथ_ओन्ली चालू हवंच.

एक नियम फारसा कुणी लावत नाही, पण लावावा. एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्समध्ये कोणता लॉगिन कोणत्या पत्त्याने मेल पाठवू शकतो ते लिहा आणि पाठवणाऱ्याच्या नियमांत रिजेक्ट_ऑथेंटिकेटेड_सेंडर_लॉगिन_मिसमॅच घाला. चोरलेल्या खात्यातून हजार खोट्या नावांनी मेल पाठवायचा प्रयत्न पहिल्याच मेलला अडतो. यात तपासला जातो तो लिफाफ्यावरचा, म्हणजे ‘मेल फ्रॉम’ आज्ञेतला, पत्ता. आतल्या फ्रॉम हेडरला हा नियम लागत नाही.

वेगमर्यादेबद्दल गैरसमज आहे. एसएमटीपीडी_क्लायंट_मेसेज_रेट_लिमिट मोजतं ते आयपी पत्त्यागणिक, आणि मायनेटवर्क्सला त्यातून मुळातच सूट असते. चोरलेला पासवर्ड शंभर वेगवेगळ्या पत्त्यांवरून वापरला जात असेल तर ही मर्यादा गप्प बसते. खात्यागणिक मर्यादा हवी असेल तर वेगळी पॉलिसी सेवा किंवा आरस्पॅमडी या स्पॅम-गाळणीची रेटलिमिट वापरावी लागते. पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करणाऱ्यांसाठी फेलटूबॅन (वारंवार चुकणारे पत्ते अडवणारं साधन) लावा.

आणि वेबसाइटचा संपर्क फॉर्म! तो लोकलहोस्टवरून मेल टाकतो, म्हणजे वरचे सगळे नियम त्याला माफ. फॉर्ममधल्या ईमेलच्या रकान्यात नवी ओळ घुसवून जादा हेडर टाकता येत असेल, तर तो फॉर्मच ओपन रिले झाला. रकाने तपासा, मेल ज्याला जाणार तो पत्ता कोडमध्ये पक्का ठेवा, आणि ऑथराइज्ड_सबमिट_युजर्समध्ये कोणते सिस्टिम युजर मेल टाकू शकतात ते मर्यादित करा.

नसलेल्या पत्त्यांना होकार देऊ नका

बॅकस्कॅटरचा सगळ्यात मोठा कारखाना हाच. स्पॅम पाठवणारा अंदाजाने शेकडो नावं लावून पाहतो, पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याच निरपराध माणसाचा पत्ता घालतो. तुमचा सर्व्हर सगळं घेतो, मग ‘असा माणूस इथे नाही’ असे शेकडो बाउन्स त्या निरपराधाला पाठवतो. पोस्टफिक्स मुळात नसलेल्या पत्त्याला ५५० ५.१.१ देतो. तो देत नसेल तर यांपैकी काहीतरी झालेलं असतं.

लोकल_रेसिपियंट_मॅप्स कुणीतरी रिकामं केलेलं असतं, म्हणजे ‘तपासूच नका’. किंवा रिले_डोमेन्समध्ये डोमेन आहे पण रिले_रेसिपियंट_मॅप्स रिकामं आहे. ते मुळात रिकामंच असतं आणि त्याचाही अर्थ सगळं घ्या असाच. किंवा व्हर्च्युअल_अलियस_मॅप्समध्ये जुनं डोमेन एका ओळीत नव्या डोमेनकडे वळवलेलं आहे: @जुनं.एग्झाम्पल.कॉम → @एग्झाम्पल.कॉम. ही ओळ सोयीची खरी, पण तिने जुन्या डोमेनवरचा कुठलाही कपोलकल्पित पत्ता वैध ठरतो. पोस्टफिक्स मेल घेतो, नंतर नव्या डोमेनवर माणूस सापडत नाही, आणि बाउन्स निघतो. उपाय कंटाळवाणा आहे: प्रत्येक पत्ता वेगळ्या ओळीत लिहा. खात्यांची यादी डेटाबेसमध्ये असेल तर एका क्वेरीत काम होतं.

आतल्या सर्व्हरवरची यादी हाती नसेल तर रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट वापरा. पोस्टफिक्स आतल्या सर्व्हरला परस्पर विचारून उत्तर जपून ठेवतो. त्याचा नकार सुरुवातीला ४५०, म्हणजे तात्पुरता असतो. काही दिवस लॉग बघून भरवसा बसला की अनव्हेरिफाइड_रेसिपियंट_रिजेक्ट_कोड ५५० करा. हा प्रकार फक्त स्वतःच्याच सर्व्हरांवर करायचा. परक्या सर्व्हरना पाठवणाऱ्याचे पत्ते विचारत फिरणं म्हणजे आपणच उपद्रवी ठरणं.

असे बदल करताना सॉफ्ट_बाउन्स चालू ठेवलं तर कायमचे नकारही तात्पुरते होतात, चूक झाली तरी मेल हरवत नाही. काम झाल्यावर ते बंद करायला मात्र विसरू नका.

आत घेतल्यावर जिथे पाय घसरतो

पत्ता बरोबर असला तरी २५० नंतर नकार देणाऱ्या जागा उरतातच.

स्पॅम आणि व्हायरस तपासणी. मेल क्यूत, म्हणजे पुढे पोचवायच्या रांगेत, घेतल्यावर तपासून ‘स्पॅम आहे’ म्हणून परत पाठवणं हा शुद्ध वेडेपणा, कारण स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाच असतो. २००३ मधला सोबिग.एफ आणि २००४ मधला मायडूम हे दोन्ही वर्म खोट्या पत्त्यांनी पसरत होते. ‘तुम्ही पाठवलेल्या मेलमध्ये व्हायरस आहे’ असे अँटिव्हायरसचे इशारे तेव्हा ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशांच्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडत होते. तपासणी मिल्टरने (मेल येतानाच तो तपासणारा जोडप्रोग्रॅम) करा, म्हणजे कनेक्शन चालू असतानाच निकाल लागतो. आरस्पॅमडी पोस्टफिक्सला तसाच जोडतात. क्यूनंतरची तपासणी ठेवायचीच असेल तर संशयित मेल जंक फोल्डरमध्ये टाका किंवा बाजूला ठेवा, परत पाठवू नका. मिल्टरची एक मर्यादा लक्षात ठेवा. मजकुरावरचा नकार एकच असतो आणि तो त्या मेलच्या सगळ्या प्राप्तकर्त्यांना लागू होतो, म्हणून माणसागणिक कडक-सैल नियम इथे चालत नाहीत.

भरलेले मेलबॉक्स. कोटा संपल्याचं डव्हकॉटला (मेलबॉक्स सांभाळणारा सर्व्हर) मेल पोचवताना कळतं, तोवर पोस्टफिक्सने पावती देऊन टाकलेली असते. डव्हकॉटची कोटा-स्टेटस सेवा चेक_पॉलिसी_सर्व्हिसने जोडली की मेलबॉक्स भरल्याचा नकार दारातच जातो. अर्ध्या तासाचं काम आहे.

फॉरवर्डिंग, आणि हे सगळ्यात चिवट दुखणं. खात्यावर आलेलं सगळं जीमेलसारख्या सेवेकडे आपोआप वळवलं की त्यात स्पॅमही जातो. तिकडून नकार येतो, आणि बाउन्स करायची पाळी तुमच्यावर. शिवाय स्पॅम पाठवणारा सर्व्हर म्हणून नाव तुमचंच नोंदलं जातं. शक्य असेल तिथे फॉरवर्ड बंद करून लोकांना मेलबॉक्स थेट वाचायला लावा. जमत नसेल तर स्पॅम ठरलेला मेल पुढे पाठवूच नका, आणि बाकीच्यासाठी एसआरएस लावा. पोस्टफिक्ससाठी पोस्टएसआरएसडी आहे. त्याने लिफाफ्यावरचा पत्ता तुमच्या डोमेनचा होतो आणि एसपीएफ (डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची नोंद) मोडत नाही.

‘मी सुट्टीवर आहे’ अशी स्वयंउत्तरं. आरएफसी ३८३४ चे नियम पाळणारं साधन वापरा. डव्हकॉटची सीव्ह ही नियमयंत्रणा ते पाळते. एकाच माणसाला पुन्हापुन्हा उत्तर नको, मेलिंग लिस्टला नको, आणि रिकाम्या पत्त्यावरून आलेल्या मेलला (बाउन्स असेच येतात) तर कधीच नको. घरी लिहिलेल्या स्क्रिप्ट इथे एकमेकींना उत्तरं देत रात्रभर बसतात.

दुय्यम एमएक्स हवाच का?

माझं मत विचाराल तर दुय्यम एमएक्स, म्हणजे मुख्य बंद असताना मेल घेणारा राखीव सर्व्हर, बहुतेक छोट्या सर्व्हरना नको. मुख्य सर्व्हर काही तास बंद पडला तरी पाठवणारे सर्व्हर पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. आरएफसी ५३२१ नुसार हार मानण्याआधी साधारण चार-पाच दिवस. दुय्यम एमएक्सकडे खात्यांची यादी नसते, स्पॅमचे नियम ढिले असतात, आणि हे स्पॅम पाठवणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं, म्हणून ते मुद्दाम तिकडून येतात. मग तो सगळं घेतो, मुख्य सर्व्हर नाकारतो, बाउन्स दुय्यमाच्या गळ्यात. ठेवायचाच असेल तर खात्यांची यादी आणि तपासणी दोन्हीकडे हुबेहूब सारखी ठेवा.

दुसऱ्यांचे बाउन्स तुमच्याकडे येत असतील तर

तुमचा पत्ता कुणीतरी खोटा वापरला की जगभरचे ढिसाळ सर्व्हर तुमच्यावर बाउन्स ओततात. घाबरून लोक रिकाम्या पत्त्यावरून, म्हणजे मेल फ्रॉम:<> ने येणारं सगळं नाकारायला लागतात. तसं करू नका. खरे बाउन्स त्याच पत्त्याने येतात. ते अडवले तर तुमच्याच माणसाला त्याचा मेल पोचला नाही हे कधी कळणार नाही, शिवाय रिकामा पत्ता स्वीकारणं मानकानुसार बंधनकारक आहे.

त्याऐवजी एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (हे दोन्ही नापास झाले तर काय करायचं ते सांगणारी नोंद) नीट लावा, म्हणजे खोटा मेल समोरचा सर्व्हर दारातच नाकारेल. एसपीएफमध्ये डीएनएस चौकशांची मर्यादा १० आहे. चार-पाच सेवांचे इन्क्लूड जोडले की ती कधी ओलांडली ते कळतही नाही. डीमार्क आधी फक्त अहवालांपुरता ठेवा, अहवाल वाचून आपले सगळे खरे स्रोत सापडले की रिजेक्टवर न्या. ज्या डोमेनवर मेल येतच नाही त्याला आरएफसी ७५०५ मधला नल एमएक्स (‘इथे मेल घेत नाही’ अशी नोंद) लावा.

तुमचे स्वतःचे खरे बाउन्स स्वीकारले जावेत यासाठी दोन बारीक गोष्टी आहेत. रिकाम्या पत्त्याच्या मेलवर एसपीएफ तपासणी हेलोच्या नावावर होते, म्हणून सर्व्हरच्या होस्टनावालाही एसपीएफ नोंद द्या. आणि पोस्टफिक्स स्वतः तयार केलेले बाउन्स मिल्टरकडे पाठवत नाही, त्यामुळे त्यांवर डीकेआयएम सही नसते. इंटर्नल_मेल_फिल्टर_क्लासेसमध्ये ‘बाउन्स’ लिहिलं की ती होते.

क्यू तुंबला तर

‘पोस्टक्यू -पी’ने यादी बघा. पाठवणारा म्हणून मेलर-डेमनचीच (बाउन्स पाठवताना सर्व्हर लावतो ते नाव) रांग दिसली तर बॅकस्कॅटर, तुमच्या एकाच खात्याचं नाव पुन्हापुन्हा दिसलं तर चोरलेला पासवर्ड, आणि वेब सर्व्हरचा युजर दिसला तर फॉर्म किंवा एखादी स्क्रिप्ट. घाईने पुसू नका. आधी ‘पोस्टसुपर -एच’ला ‘ऑल’ देऊन सगळं रोखून धरा, मग एक-दोन मेल ‘पोस्टकॅट -क्यू’ने उघडून वाचा. लॉगमध्ये त्याच क्यू क्रमांकाच्या ओळीत एसएएसएल_युजरनेम सापडतं. त्या खात्याचा पासवर्ड बदला आणि डव्हकॉट व पोस्टफिक्सची त्याची चालू कनेक्शनं तोडा, नाहीतर आधीच लॉगिन झालेलं सत्र चालूच राहतं. मग फक्त त्या पाठवणाऱ्याचे मेल काढा आणि उरलेले ‘-एच’ मोठ्या अक्षरात देऊन सोडा. लहान अक्षरातला रोखतो, मोठा सोडतो. इथे गडबड सहज होते.

न पोचणारे बाउन्स क्यूत मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस लोळत राहतात. बाउन्स_क्यू_लाइफटाइम १ दिवसावर आणा. नोटिफाय_क्लासेसमध्ये ‘२बाउन्स’ घाला, म्हणजे जे बाउन्सही पोचले नाहीत त्यांची खबर पोस्टमास्टरला मिळेल. ही संख्या अचानक वाढली तर वरच्यापैकी एखादं भोक पुन्हा उघडलंय.

ब्लॅकलिस्टमधून नाव काढायचा अर्ज सगळ्यात शेवटी करा. क्यू रिकामा झालेला, बाहेरून केलेली तपासणी स्वच्छ, आणि किमान एक दिवस लॉगमध्ये नवं काही नाही, एवढं झाल्यावरच. स्पॅम चालू असताना अर्ज केला तर नाव पुन्हा यादीत जातं, आणि दुसऱ्यांदा बाहेर पडणं जड जातं.